सगळेच प्रशासक

आमच्या गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर साहित्य संमेलन समिती माझ्या घरी चहाला येईल आणि उठायचं नाव घेणार नाही. गाव बेळगावपासून जवळ आहे, आणि शेजारच्या कडोलीचं संमेलन एवढं गाजतं तर आपलं का नाही, या एकाच दुःखावर जगतं, एवढं पुरे.

माझी आत्ती, म्हणजे वडिलांची थोरली बहीण अंबुबाई, कविता करते. शेतात तण काढताना, भांगलताना जुळवते आणि पाठ ठेवते. दरवर्षी कविसंमेलनाला नाव देते, ठेवणीतलं इरकल नेसून पहिल्या रांगेत बसते. आणि दरवर्षी कुणातरी मान्यवराला पुढच्या कार्यक्रमाला जायचं असतं म्हणून तो मध्येच घुसतो, त्याच्यामागून दुसरा घुसतो, कविता मारुतीच्या शेपटासारख्या लांबतात, आणि आत्तीचा नंबर यायच्या आत जेवणाची हाक येते. गेल्या वर्षी घरी आल्यावर ती म्हणाली, "रचना, एकदा तरी कविता म्हणून दाखवायची हाय गं. मेल्यावर काय, फोटो म्हणून दाखवतोय व्हय?"

मला असा संताप आला की मी समितीची वेबसाइट फुकट करून द्यायचं कबूल केलं. बाकीचे लोक संतापले की भांडतात, मी वेबसाइट करते. पोटापाण्याचा धंदाच तो आहे.

बातम्या, फोटो आणि अध्यक्षांचं मनोगत यांच्यासाठी मी तयार सीएमएस बसवली. ती एकदा बसवली की ज्याच्याकडे पासवर्ड आहे तो आत जाऊन हवा तो मजकूर टाकू शकतो, माझं डोकं खात नाही. तिला जोडून कविसंमेलनाचं ॲप मात्र मी स्वतः लिहिलं. कवींनी त्यात नाव नोंदवायचं. ॲप क्रम लावणार, सत्राचा वेळ सगळ्यांत सारखा वाटणार आणि मोठ्या पडद्यावर एकेकाचं नाव दाखवणार. ज्याचं नाव पडद्यावर, त्याच्यापुरताच माईक चालू. वेळ संपला की माईक आपोआप बंद. मशीनला कुणाची भीड पडत नाही.

समितीचे अध्यक्ष मष्णू आप्पा बैठकीत उसळलेच. "मान्यवरांना टायम लावणार तू? मला?"

"तुम्हाला कसं लावीन, आप्पा? मान्यवरांना वेळेचं बंधनच न्हाय," मी म्हणाले. "फक्त साधे कवी आधी, मान्यवर मागनं. मोठा माणूस शेवटी बोलतोय, व्हय का न्हाय?"

आप्पांनी मान डोलावली आणि दुसरा चहा मागवला.

आता मान्यवर कोण, हे ॲपला कळायला हवं. सीएमएसमध्ये माणसांच्या पायऱ्या असतात: वर प्रशासक, त्याखाली संपादक, मग लेखक, मग साधा सदस्य. मी एकट्या आप्पांना प्रशासक केलं आणि ॲपला सांगून टाकलं, प्रशासक दिसला की तो मान्यवर समज.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कार्यवाह जोतिबा अण्णांचा फोन. "आप्पा प्रशासक आणि मी लेखक? तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईस गं!"

साहित्य संमेलनाचा कार्यवाह 'लेखक' म्हटल्यावर रडकुंडीला येतो, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांना प्रशासक करायला मी ठाम नकार दिला. पण एक प्रशासक दुसऱ्याला प्रशासक करू शकतो, ही सोय सीएमएसमध्ये असते आणि आप्पांना ती नेमकी सापडली. त्यांनी जोतिबा अण्णांना रीतसर बोलावून शाल, नारळ आणि चिठ्ठीवर पासवर्ड दिला.

मग काय, बांधच फुटला. आमच्याकडे एकाला शाल दिली की शेजारच्याला द्यावी लागते, नाहीतर तो घरच्या लग्नाला येत नाही. जोतिबा अण्णांनी गुंजी गावच्या आपल्या व्याह्यांना प्रशासक केलं, व्याह्यांनी आपल्या कवी मित्रांना, मित्रांनी मित्रांना. ग्रामपंचायतीचे पीडीओ साहेब, म्हणजे आमच्याकडचे ग्रामसेवक, मांडवाची परवानगी द्यायला आले आणि प्रशासक होऊन परत गेले. वेबसाइटच्या पहिल्या पानावरचा फोटो जो तो बदलत होता. सकाळी आप्पा, दुपारी व्याही, संध्याकाळी व्याह्यांची बुलेट.

संमेलनाच्या दिवशी सकाळी मी मांडवात लॅपटॉप उघडला आणि बघतच राहिले. नाव नोंदवलेले झाडून सगळे कवी प्रशासक, म्हणजे मान्यवर, म्हणजे शेवटी. साध्या कवींच्या रांगेत एकच नाव उरलं होतं, अंबुबाई. तिचा मान करावा असं एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मला आधी वाईट वाटलं, मग मी खालची ओळ वाचली. सत्राचा वेळ साध्या कवींत सारखा वाटायचा, मान्यवर त्यानंतर, असं मीच ॲपला शिकवलं होतं. कवी एकच असल्यामुळे त्याने सगळं सत्र आत्तीला देऊन टाकलं होतं.

दुरुस्ती करता आली असती. मी उठून चहा प्यायला गेले.

सत्र सुरू झालं. पडद्यावर आत्तीचं नाव आलं आणि मांडवात कुजबुज झाली. आत्तीने माईक दोन्ही हातांनी धरला आणि डोळे मिटून ती म्हणाली:

"माळावरच्या वाऱ्या, तुला घर न्हाय, दार न्हाय,
माझ्या दारी ये, मला बोलाया कोण न्हाय."

पुढच्या ओळींना माझेच डोळे भरून आले, त्यामुळे त्या मला नीट आठवत नाहीत. टाळ्या थांबेनात. जोतिबा अण्णा लगबगीने पुढे येऊन माईकमध्ये "यानंतर" म्हणाले, पण मी आधीच लॅपटॉपवर माईकच्या बटणाकडे बोट नेलं होतं आणि माईक मुका झाला. ते खाली उतरले तेव्हाच मी तो पुन्हा चालू केला. पडद्यावरच्या घड्याळात अजून ढीगभर वेळ शिल्लक होता.

"रचना, आता काय करू गं?" आत्तीने स्टेजवरूनच विचारलं.

"जेवणापर्यंतचा सगळा वेळ तुझा हाय, आत्ती!"

आत्तीने स्वयंपाकाच्या आडोशाकडे पाहिलं. तिथे आचारीण सोनुबाई आणि तिच्याबरोबरच्या बायका हातात डाव, उलथनी घेऊन ऐकत उभ्या होत्या.

"सोनुबाई, ती तुझी चुलीवरची कविता म्हण की गं. शेतात म्हणतीस ती."

"माझं कुठं नाव हाय?"

"माझ्या वेळातनं म्हण."

सोनुबाईने पदराला हात पुसले आणि ती स्टेजवर चढली. तिच्यामागून भाकरी थापणारी जयाबाई चढली, मग तांदूळ निवडणारी, मग पाणी देणारी. कुणी नवऱ्यावर केलेली म्हटली, कुणी मेलेल्या म्हशीवर. मांडव हसत होता, रडत होता. मान्यवरांनी भुकेने कासावीस होऊन जेवणाची हाक द्या असं सांगायला माणूस स्वयंपाकात पाठवला, तर आत हाक द्यायलाच कुणी नव्हतं. हुग्गी, म्हणजे आमच्याकडची गव्हाची खीर, चुलीवर एकटीच रटरटत होती. शेवटी शाल खांद्यावर टाकून मष्णू आप्पाच ती ढवळायला गेले आणि पीडीओ साहेब त्यांना लाकडं देत बसले.

सत्र संपलं. मान्यवरांचा नंबर आलाच नाही. आत्ती खाली उतरली, माझ्याशेजारी बसली आणि माझा हात घट्ट धरून म्हणाली, "सगळ्यांनी ऐकलं गं." मग ती पदरात तोंड घालून रडली, आणि मीही तिच्याबरोबर भर मांडवात रडले.

हुग्गी करपली होती. आप्पांनी करपवलेली असल्यामुळे कुणाला काही बोलता येईना. आत्तीने दोनदा वाढून घेतली.