माझ्या टाचणीखालची चिठ्ठी

मी एक जुनी गांधीलमाशी आहे, तिळाहून लहान. नागपुरातल्या एका कॉलेजच्या कीटकपेटीत, कागदाच्या टोकाला डिंकाने चिकटवलेली, सव्वीस वर्षे टाचणीवर आहे. मित्रांनो, मला राग आला आहे. कारणासकट सांगते.

धम्मानंद सरांनी मला नरखेडच्या संत्राबागेतून आणले. तिथे पाने खाणाऱ्या अळीच्या अंगात एक मित्रमाशी अंडी घालते; तिची पिल्ले अळीला आतून संपवतात. मी त्या पिल्लांच्या अंगात अंडी घालते. म्हणजे मी शेतकऱ्याच्या मित्राची वैरीण. आम्हा दोघींत फरक पंखावरच्या एका शिरेचा. म्हणून सरांनी माझ्या टाचणीत चिठ्ठी ओवली : 'नरखेड, १४ ऑक्टोबर १९९९. मित्रमाशीच्या कोषातून निघाली. बागेत सोडू नये.'

सर निवृत्त झाले. गेल्या वर्षी तपासणी समिती येणार होती. विभागप्रमुख मधुकरराव म्हणाले, "या पिवळ्या चिठ्ठ्या काढा. छापील लावा, एकसारख्या."

"सर, यायच्यावर काही लिहून आहे ना," शिपाई पंचफुलाबाई म्हणाली.

"समिती काय भिंग घेऊन येणार आहे?"

दोनशे चिठ्ठ्या ओढून काढल्या. माझे पंख तुटले, ती शीरही गेली. माझ्याखाली छापील चिठ्ठी आली : 'मित्रकीटक'. समितीने फोटो काढला, चहा घेतला. शेरा : उत्कृष्ट.

यंदा संशोधन करणाऱ्या रितिकाने आपल्या पिंजऱ्यातल्या माश्या माझ्याशी ताडून पाहिल्या. रंग जुळला, आकार जुळला. पंख नाहीत हे दिसले, पण छापील शब्दावर विश्वास ठेवला. महादेवरावांच्या बागेत त्या सोडल्या.

दोन महिन्यांनी महादेवराव कुरतडलेली फांदी घेऊन आले. "म्याडम, तुमच्या माश्या आल्या अन् अळ्या जास्तच झाल्या. काहून? नवी कलमं पार खाऊन टाकली!"

रितिकाने पेटी उघडून माझी टाचणी बाहेर काढली. "हिची जुनी चिठ्ठी कुठाय?"

पंचफुलाबाईने बिस्किटाचा डबा आणला. "फेकाले सांगतलं होतं. सरायच्या हातचं अक्षर, मले नाही फेकवलं."

डब्यात दोनशेच्या दोनशे चिठ्ठ्या होत्या. कुठली कुणाची, हे कुठेच नव्हते.

"मंग माह्या बागेत कोन सोडली, हे कसं समजन?" महादेवरावांनी विचारले.

"नाही सांगता येत, काका."

मित्रांनो, काच पुसा, पेटी रंगवा, हवे तर मला फेका. पण चिठ्ठी काढण्याआधी ती वाचा. रितिकाने माझी चिठ्ठी उचलली, वाचली, शेजारणीच्या टाचणीशी धरून पाहिली आणि परत डब्यात ठेवली.