बोटांतला जोर

नर्सने अंबाडा सोडला, तसा सोजराबाईने डावा हात पटकन डोक्यावर नेला. परक्या पुरुषांसमोर ती कधी बिनपदराची बसली नव्हती. नर्सने तो हात खाली केला आणि केस बाजूला सारून थंडगार चिकट औषधाने डोक्याला तारा लावल्या.

दाराशी कारखान्याचे साहेब उभे होते. शेजारी तिचा नवरा, सोपानराव.

पिंपरीच्या बाटल्यांच्या कारखान्यात बुचं बसवणाऱ्या यंत्रात तिचा उजवा हात सापडला, तेव्हापासून बोटं मिटत नव्हती. हाड जुळलंय, बाई ढोंग करतेय, असं कारखान्याच्या डॉक्टरांनी ठरवून टाकलं. त्यावर सोपानराव साहेबांपुढे हसत बोलला होता, "घरी भाकरी थापती की." कुठल्या हाताने, ते त्याने सांगितलं नाही. त्याला तिथेच रखवालदार व्हायचं होतं. खरंखोटं ठरवायला आज हे पुण्याचं इस्पितळ आणि विलायतेहून आलेलं यंत्र.

"हा रबरी चेंडू दाबा," इथले डॉक्टर म्हणाले. "आहे तेवढा जोर लावा."

तिने दातओठ खाल्ले. मानेच्या शिरा ताठल्या. बोटं ढिम्म.

साहेब हसले.

डॉक्टर मात्र कागदाकडे पाहत होते. यंत्राच्या लेखण्या त्यावर मेंदूतल्या विजेच्या लाटा काढत होत्या. ती जोर लावी, की एक लाट विरून रेघ सपाट होई. हात सोडला, की लाट परत. त्यांनी पुन्हा पुन्हा करायला लावलं. तेच.

"ढोंग नाही हे," ते साहेबांना म्हणाले. "मनाने हात आवळला, की ही लाट विरते. ही खरोखर जोर लावतेय. मेंदूचा हुकूम बोटांपर्यंत पोचत नाही. मी तसं कळवतो."

साहेबांचं हसू मावळलं. सोपानराव लगबगीने पुढे आला.

"म्या तर पैल्यापासनं म्हनत हुतो. माजी बायको खोटं बोलायची न्हाई!"

सोजराबाईने त्याच्याकडे पाहिलं.

"केस बांधू का आता?" तिने डॉक्टरांना विचारलं.

"एकदाच शेवटचं. आता काही करायचं नाही. हात सैल सोडून स्वस्थ बसा."

लेखण्या चालू झाल्या. रेघ सपाट झाली, ती सपाटच राहिली.

"बाई, दाबू नका म्हटलं ना."

"न्हाई दाबत."

डॉक्टरांनी तिचे दोन्ही हात उचलून पाहिले. बोटं सैलच होती.

"मग मनात काय चाललंय?"

तिची नजर नवऱ्यावरून हलली नव्हती.

सोपानरावाने गळ्याशी हात नेला आणि सदऱ्याचं वरचं बटण सोडलं.