कमरेची दोरी

दोरी रबराची होती, काळी आणि अंगठ्याएवढी जाड. तिचे एक टोक टेनिस कोर्टाच्या बेसलाइनमागच्या खांबाला आकड्याने अडकवलेले, दुसरे तिच्या कमरेच्या पट्ट्याला. सर्व्हिस करून ती सवयीने नेटकडे धावली, की अर्ध्या वाटेवर दोरी ताठ होई आणि तिला मागे खेचून आणी. पट्ट्याखालची कातडी सोलवटली होती. त्या जागी घाम झोंबत होता, आणि घामाहून जास्त झोंबत होते ते दोरीचे हसू. ताणल्यावर ती कुरकुरायची, ते तिला हसण्यासारखे वाटे.

"अजून धावतेस," दादा म्हणाला. "पाय कापून ठेवू का इथे?"

"ठेव. हातांवर चालत जाईन."

"आणि जाऊन काय करशील? चेंडू बाजूने जाताना बघशील. टाळ्या वाजवायला बरं पडतं म्हणा, जवळून."

दादा तिच्याहून पुष्कळ मोठा. तिच्या हातात पहिली रॅकेट त्यानेच दिली होती आणि पहिला धडाही त्याचाच: सर्व्हिस मारायची, तिच्यामागोमाग आपणही सुटायचे, आणि परतलेला चेंडू टप्पा घ्यायच्या आत, व्हॉली मारून, हवेतच संपवायचा. "वाट बघणं हा खेळ नाही," असे तेव्हा तो म्हणे. तो स्वतः तसाच खेळला. मग कोर्टाच्या रंगात जाड वाळू कालवली जाऊ लागली, चेंडू टप्प्यावर रेंगाळू लागला. रॅकेटच्या तारा अशा आल्या की मागून मारलेला चेंडू नेटवरून उतरून थेट पुढे आलेल्याच्या पायात बुडी मारी. पुढे जायला कोणी बंदी केली नाही. बंदी करण्याइतकीही किंमत त्या खेळाला उरली नव्हती. दादाच्या डावीउजवीकडून वर्षानुवर्षे चेंडू जात राहिले. शेवटी एक दिवस तो गुमान कोर्टाबाहेर गेला आणि परतला तो ही दोरी घेऊन.

"दुपारी एकदा जरी नेटकडे गेलीस," आकडा काढताना तो म्हणाला, "तर दुसरा कोच शोध. थट्टा नाही करत, भिंगरी."

भिंगरी हे त्यानेच ठेवलेले नाव. पायाला भिंगरी लावल्यासारखी पुढे पळते म्हणून. आता तोच तिला खुंट्याला बांधून त्या नावाने हाक मारीत होता.

दुपारची मॅच जिंकली तर दुसऱ्या दिवशी पात्रता फेरीचा शेवटचा सामना, आणि तो जिंकला तर मुख्य स्पर्धा. ती मागे राहिली. समोरचीही मागेच. दोन कारकून एकाच फायलीवर शेरा मारून ती एकमेकींकडे ढकलत बसावेत, तसा चेंडू इकडून तिकडे जात होता. यात कोणी जिंकत नव्हते. जिला आधी कंटाळा येईल ती हरणार होती. कंटाळा समोरचीला येऊ लागला. गुण साचत गेले आणि तिच्या छातीत राग साचत गेला, कारण दादाचे म्हणणे खरे ठरत होते.

मग मॅच पॉइंट आला. समोरचीच्या रॅकेटच्या कडेला लागून चेंडू उडाला आणि नेटवर तरंगत आला, संथ आणि भोपळ्यासारखा गोल. ती कोर्टाच्या आत होती. दोन ढांगा पुढे टाकल्या असत्या तर शाळकरी पोरानेही तो हवेतच मारला असता. तिने पाहिले, ओळखले, हात उचलला.

आणि तिचे पाय मागे गेले.

कमरेला दोरी नव्हती. तरी ती मागे सरली, टप्पा पडू दिला, मग खालून उचलून फटका मारला. समोरचीने तो नेटमध्ये घातला. जिंकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दादा कुंपणापाशी उभा होता. त्याचा चेहरा उजळला होता. "बघितलंस? शिकले शेवटी पाय."

"शिकले नाहीत. मेले."

"नाटकं नकोत. जिंकलीस ना?"

तिने त्याच्या पिशवीतून दोरी उपसली आणि सरळ मागच्या सरावाच्या कोर्टाकडे निघाली. तो बडबडत मागून आला. आकडा खांबाला अडकवून तिने पट्टा त्याच्यापुढे धरला.

"बांध."

"डोकं फिरलंय तुझं."

"सर्व्हिस कर आणि मागे थांबून दाखव. बस. सोपं आहे ना?"

"त्यात काय एवढं!" असे म्हणत त्याने पोट आत ओढले, पट्टा आवळला, चेंडू उंच टाकला. खांदे वळले, पाठ धनुष्यासारखी वाकली. इतक्या वर्षांचा गंज त्या एका वळणात गळून पडला. चेंडू कोपऱ्यात लागला आणि चेंडूमागोमाग तोही सुटला. दोरीने त्याला झटका देऊन ओढले. तो तळहातांवर आपटला. कोर्टातल्या वाळूने हात खरवडले.

ती हसली नाही.

"पाय घसरला," तो म्हणाला.

"पुन्हा मार."

पुन्हा तेच झाले. तिसऱ्या वेळी त्याने दात-ओठ खाऊन पाय जमिनीत रोवले. तो थांबला, पण चेंडू नेटच्या तळाशी जाऊन पडला. त्याची सर्व्हिस हा स्वतंत्र फटका कधी नव्हताच. ते धावण्याचे पहिले पाऊल होते. तिला ते दिसले, आणि त्याने आपल्याला काय काय शिकवून काय काय हिरावून घेतले, हेही दिसले.

"स्वतःला जमत नाही ते माझ्याकडून करून घेतलंस," ती म्हणाली. आवाज फाटला होता.

"मी हरलो म्हणून! जन्मभर हरलो! तूही हरायचं का?"

"उद्या मी पुढे जाणार."

"धुव्वा उडेल."

"उडू दे. दुसरा कोच शोधू का?"

तो तळहातावरचे रक्त पँटला पुसत राहिला. मग खांबापाशी जाऊन त्याने आकडा असा उपटला की कुंपणाची सगळी जाळी थरथरली.

"चेंडू वर टाकताना मागे टाकतेस तू," तो ओरडला. "त्याने कशी पोचशील पुढे, कपाळ? पुढे टाक! आणि पहिली व्हॉली आखूड नको. खोल, रेषेला."

"मागे टाकायला कोणी शिकवलं?"

"तोंड बंद. सर्व्हिस कर."

तो पलीकडे जाऊन उभा राहिला. पट्टा अजून त्याच्या कमरेलाच होता आणि दोरी शेपटासारखी मागे फरफटत होती. ते त्याला सांगावे असे तिला वाटले नाही. तिने चेंडू पुढे टाकला, मारला आणि सुटली. त्याचा परतीचा फटका तिच्या डाव्या बाजूने, हातभर अंतरावरून, सणसणत निघून गेला.

"बघितलंस?" तो किंचाळला.

ती नेटपाशीच उभी होती.

"बघितलं," ती म्हणाली आणि पुढच्या चेंडूसाठी मागे वळली.