टाचेखाली वारा

गेल्या ऑगस्टचं नाचणं आटोपलं आणि आमच्या मेळ्याच्या प्रमुख मिनेकोबाई आमच्या हिला म्हणाल्या, "किकुनो-सान, पुढच्या वर्षी तुम्ही कंदील धरून बाजूनं चाला."

"का? मी पडले का कुठं?"

"नाही. पण सत्तरी उलटली. पडायच्या आधी थांबलेलं बरं."

"पडायच्या आधी थांबायचं नसतं, पाय घट्ट करायचे असतात!" असं म्हणून ही तरातरा घरी निघाली. मी मागून, बगलेत बासरी.

जपानातल्या आमच्या तोकुशिमात ऑगस्टच्या उत्सवात बायका रस्त्यांतून ओळीनं नाचतात त्या दोन दातांच्या लाकडी खडावा घालून, पुढच्या दातावर तोल सांभाळत. टाच सगळा वेळ अधांतरी, हात आभाळात. पोटऱ्या कच्च्या असल्या की पहिल्या चौकातच पाय बोलू लागतात.

मग काय! भात शिजेस्तोवर ही टाचा वरखाली करी. दात घासताना एका पायावर उभी. सकाळी भिंतीला तळवे टेकून पोटऱ्या ताणायच्या, मग हात न लावता खुर्चीवरून उठायचं, बसायचं.

"बगळीण झालीस," मी म्हणालो.

"आणि तुम्ही खुर्चीतला भोपळा! उठा."

उठलो. सांगता कुणाला! बर्फाळ सकाळी दोघं म्हातारे टाचा उचलतोय आणि ही गुणगुणतेय:

टाच उचल गं, उंच उचल गं, टाचेखाली वारा,
गुडघ्यामध्ये गाणं माझ्या, पोटरीमध्ये तारा.

वसंतात ही बिझान टेकडी कठड्याला हात न लावता चढली. माझीच छाती फुगली.

जूनमध्ये देवळाच्या अंगणात परीक्षा होती, यंदा मेळ्यात कोण नाचणार ते ठरवायची. ढोल घुमला, हिनं हात उचलले, आणि चार पावलांत खडाव कलंडली. मिनेकोबाईंचा खांदा धरला म्हणून वाचली.

बाईंनी वाकून हिची पोटरी दाबून पाहिली. "पाय तर लोखंड झालेत हो! सराव कुठं केलात?"

"घरात."

"म्हणजे अनवाणी?"

सगळा मेळा खो खो हसला, हीसुद्धा. चटईवर खडावा घालून चढायचं पाप आमच्या सात पिढ्यांत कुणी केलेलं नाही!

"रविवारी पुन्हा बघते," बाई म्हणाल्या. "त्यानंतर मात्र कंदील."

गल्लीत सराव करावा तर पहाटे खडावांची खडखड, आणि शेजारी तान्हं बाळ. उरली दाराच्या आतली, चपला काढण्यापुरती फरशी. मी सगळे जोडे, छत्र्या बाहेर नेऊन ठेवल्या. ही खडावा चढवून त्या टीचभर जागेत उभी राहिली.

"हात धरू?"

"धरू नका. नुसता जवळ ठेवा."

आधी हेलकावे, मग डुलणं, आणि शनिवारी तर ती गिरकी घेऊन माझ्याकडे बघून हसली, सासरी आली तेव्हासारखी!

रविवारी ढोल घुमला. माझा एक सूर हुकला, हिचं पाऊल नाही. खट् खट्, खट् खट्, अंगणाच्या टोकापर्यंत गेली, वळली, वाऱ्यावरच्या पानासारखी परत आली. बाईंनी हात वर केला. ढोल थांबला.

ही थांबलीच नाही.

"अहो, गप्प काय झालात? वाजवा ना!"

मी ओठांना बासरी लावली. ढोलवाले धावतच सूर गाठू लागले. त्या गजरावरून मिनेकोबाई ओरडल्या, "पहिली ओळ, किकुनो-सान! डावीकडची जागा!"

हिनं फक्त हात आणखी वर नेले.