ताईच्या मांडीतल्या पेशी

आठ महिन्यांत धाकटीने प्रयोगशाळेत चौदा वेळा स्नायूंच्या पेशी वाढवल्या, आणि चौदाही वेळा त्यांनी तिला तोंडघशी पाडलं. विजेचा हलका झटका बसला की पेशीत कॅल्शियम सुटतं आणि पेशी आकसते. त्यातलं थोडं मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या वीजघरांत, कधी शिरतं एवढंच तिला बघायचं होतं. पण पेशी ढिम्म. तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, "आता विषय बदल."

शेवटी मांडीच्या स्नायूचा तुकडा दे म्हणून तिने थोरल्या बहिणीला गळ घातली. ताई टपाल वाटायची, रोज चाळीस जिने चढायची. कागदावर रीतसर सही करून ती डॉक्टरांपुढे आडवी झाली. "घ्या हवं तेवढं," मांडी थोपटत म्हणाली, "इथे काही तोटा नाही." डॉक्टरांनी सुईने तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढला.

महिन्याभराने त्यातून वाढलेल्या पेशींची बशी धाकटीने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि झटक्याचं बटण दाबलं. पडद्यावर हिरवं लखलखलं: कॅल्शियम सुटलं होतं. पेशी टुणकन आखडली, आणि पाठोपाठ तिच्या पोटात लाल ठिपके पेटत गेले. कॅल्शियम आत शिरून वीजघरं जागी झाली होती.

धाकटीला हसू फुटलं ते आवरेना. तिने सरांना बाही धरून ओढत आणलं आणि फोन लावला. "ताई, तुझी मांडी नाचतेय."

"मी तिसऱ्या मजल्यावर आहे. इथे ती लटपटतेय."

जेवणाच्या सुट्टीत ताई टपालाच्या पिशवीसकट हजर झाली. "हे माझं?"

"तुझंच."

ताईने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग तिला चटकच लागली.

"अहो, दमतील त्या," सर म्हणाले.

"माझ्या आहेत. इतक्यात नाही दमायच्या."

खरंच दमेनात. सरांनी झटके मोजायला घाईने कागद ओढला. "थांबू नका, दाबत राहा." एकसष्टाव्या झटक्याला लाल ठिपके मंदावले, पेशी जेमतेम हलली.

"आता टेकली बिचारी," ताई म्हणाली. "काहीतरी खायला द्या तिला."

धाकटीने बशीत ताजं पोषकद्रव्य सोडलं. तिघंही पडद्याला डोळे लावून बसली. पाच मिनिटांनी बटण दाबताच पेशी पुन्हा टुणकन उडाली, आणि हसता हसता सरांचा चष्मा घसरला.

ताईने तिथूनच नवऱ्याला फोन केला: रात्रीचा स्वयंपाक तुम्ही करा, माझ्या पेशींना विश्रांती हवी, खुद्द सर म्हणालेत. सर असं काही म्हणाले नव्हते. पण त्यांनी मान डोलावली.