हाकेच्या अंतरावर

“पिजन्स…” संभाजीनं सुरुवात करून दिली.

“कू,” पूर्णिमा म्हणाली.

“स्पॅरोज…”

“चर्प.”

“हेन्स…”

“क्लक.”

संभाजीनं ऐटीत स्पीच थेरपिस्ट शेफालीकडे पाहिलं. सदाशिव पेठेतल्या त्या दवाखान्यात त्याच्याइतका खूश माणूस दुसरा नसेल! एसटी चालवण्यात अख्खी हयात गेलेल्या या गड्यानं म्हातारपणी हे इंग्रजी घोकलं होतं. त्याची बायको पूर्णिमा महापालिकेच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. पाखरांचे आवाज तिनं वर्गावर्गातून पोरांकडून असेच वदवून घेतले होते. पक्षाघाताचा झटका आला, तिची वाचा गेली, एवढी घोकंपट्टी मात्र राहिली. आता मास्तर तो आणि विद्यार्थिनी ती.

“छान, काकू,” शेफाली म्हणाली. “आणि काका, कू म्हणजे नुसतं पारव्याचं घुमणं नाही हं. लाडानं, हळू आवाजात बोलणं, त्यालाही इंग्रजीत तेच म्हणतात. घरी बोलता ना काकूंशी तसं?”

“त्ये आमच्यात नसतं,” संभाजी म्हणाला. “आमचं ‘अगं’ आन् ‘अहो’वर भागलंय आजवर.”

शेफाली हसली आणि लगेच गंभीर झाली. “पण हे सगळं तुम्ही सुरुवात करून दिल्यावर येतं. आज काकूंनी आपणहून हाक मारायचीय.”

बंगळुरूहून विश्वजीतनं, म्हणजे त्याच्या मुलानं, फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, “बाबा, आई परत पडली तर तुम्हाला बोलावणार कशी? हाक मारता येत नाही असं थेरपिस्टनी सांगितलं, तर मी तिला इकडच्या केअर सेंटरमध्ये ठेवतो. प्लीज, आता वाद नको.” वाद कुठल्या तोंडानं घालणार? मागच्याच आठवड्यात ती धायरीच्या घरात बाथरूममध्ये घसरली होती आणि हा गच्चीवर कुंड्यांना पाणी घालत होता.

शेफालीनं त्याला आतल्या खोलीत पाठवलं. “अजिबात आवाज करायचा नाही, काका.” दार लागलं.

“काकू, काकांना बोलवा बरं.”

संभाजीनं दाराला कान लावला.

“नाव घेतलंत तरी चालेल.”

संभाजीनं कपाळावर हात मारला. अहो, नाव कसं घेईल ती? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. नाव काय मागताय, ‘अहो’ म्हणायला सांगा की!

बाहेर खुर्ची करकरली. “अ…” पूर्णिमाचा आवाज फुटला. संभाजीनं दाराची कडी घट्ट धरली. “अ… अ…” आणि मग नुसतेच हुंदके.

त्याच्या जिभेवर ‘पिजन्स’ आलं होतं. तेवढं ओरडलं की पलीकडून ‘कू’ येणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण फसवायचं कुणाला? बाथरूममध्ये पडल्यावर तिला ‘पिजन्स’ कोण म्हणणार? त्यानं ओठ दाबून धरले.

अखेर शेफालीनं दार उघडलं. पूर्णिमा पदर मुठीत धरून दाराकडेच बघत होती.

“काका, मला विश्वजीतना खरं तेच सांगावं लागेल.”

“सांगा की. खोटं कशापायी?” संभाजी पूर्णिमाशेजारी बसला. “तिला हाक मारता येत न्हाई, सांगा. आन् ह्येबी सांगा, हाक मारायची पाळीच येणार न्हाई. तिच्यापासनं लांब जातोय कोण?”

“चोवीस तास कसं जमेल तुम्हाला?”

“का? मला काय आता मुंबईची फेरी हाय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं बाथरूमची आतली कडी स्क्रू काढून उपसली. पूर्णिमा अंघोळीला गेल्यावर दार लोटून घेतलं आणि बाहेर स्टुलावर पाठमोरा बसला. आपण इथंच आहोत हे तिला कळायला पाहिजे, पण बोलायचं काय, हे त्याला सुचेना. कानाच्या पाळ्या तापल्या त्याच्या, या वयात!

मग खाकरून, अगदी हळू आवाजात तो म्हणाला, “पूर्णिमा, मी हाय हितं.”

आत पाणी ओतल्याचा आवाज थांबला. जरा वेळानं तांब्या पुन्हा बादलीत बुडाला.