आवाज आला की उठायचं

घरात कुत्र्याचं पिल्लू आणायचं ठरलं तेव्हा तिला भीती वाटली नाही, आणि त्याचंच तिच्या नवऱ्याला फार बरं वाटलं. मुलगी झाल्यापासून ही बाई नुसती घाबरत आली होती. बाळ झोपलं की श्वास चालू आहे ना म्हणून नाकापुढे बोट धरायची. ते रांगायला लागलं तेव्हा टेबलाच्या कोपऱ्यांना तिने जुन्या बनियनच्या चिंध्या गुंडाळल्या होत्या, आणि टेबल जायबंदी झाल्यासारखं दिसायचं. मग कधीतरी ती भीती निघून गेली. नेमकी कधी ते तिलाही सांगता आलं नसतं. कंटाळलेला पाहुणा उठून जावा तशी गेली, आणि जाताना बरंच काही सोबत घेऊन गेली. आता हसू येत नव्हतं, रडू येत नव्हतं. लेकीने चित्र पुढे केलं की 'छान' हा शब्द तेवढा वेळेवर तोंडातून निघायचा. नवरा म्हणायचा, किती शांत झालीस गं तू. ती हो म्हणायची.

काळजी घेणं मात्र थांबलं नव्हतं. ती हातांना लागलेली सवय होती. कुलूप लावल्यावर ओढून बघावं तशी. पिल्लू यायच्या आदल्या दिवशी ती गुडघ्यांवर बसून घरभर फिरली, कारण जमिनीवरून घर कसं दिसतं ते उभ्या माणसाला कळत नाही. लोंबत्या वायरी वर बांधल्या. फिनेलची बाटली, उंदरांचं औषध, सुईदोऱ्याचा डबा माळ्यावर गेला. द्राक्षं, मनुका, चॉकलेट, कांदे झाकणाच्या डब्यांत गेले, कारण पिल्लांना ते बाधतं असं तिने वाचलं होतं. पलंगाखालून तिचं डोकं बाहेर आलं तेव्हा समोर सासऱ्यांचे पाय होते.

"सूनबाई, काही हरवलंय का?"

"नाही आप्पा. काय काय सापडतंय ते बघतेय."

आप्पांनी जन्मभर शाळेत कवायत शिकवली होती. मैदानाच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या पोराची चड्डी सावरायला लावणारा त्यांचा आवाज निवृत्तीनंतर दोन खोल्या आणि स्वयंपाकघरात कोंडला गेला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगू लागले, की अजून कुत्रं आलं नाही पण नियम मलाच लागू झालेत. माझ्या ब्लड प्रेशरच्या गोळ्या एवढ्या उंच ठेवल्यात की त्या काढतानाच प्रेशर वाढतं.

पिल्लू नवऱ्याने त्याच्या गोदामाच्या मागून आणलं. तिथे एका भटक्या कुत्रीला पिल्लं झाली होती आणि एक दिवस ती परत आलीच नाही. तपकिरी अंग आणि एकच पाय घोट्यापर्यंत पांढरा. आल्या आल्या त्याने नवऱ्याच्या बुटातला मोजा ओढून पळवला, त्यामुळे नाव शोधावं लागलं नाही. मोजा हे नाव लेकीने ठेवलं. लेकीला स्वतःला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी उभी असलेली कुणी पाहिलीच नव्हती. जेवतानासुद्धा तिचा एक पाय खुर्चीखाली गोल फिरत असायचा.

मोजाला दात येत होते आणि तो चावत होता. चपला, पडद्यांची टोकं, सोफ्याचा कोपरा, आणि मग हात, पोटऱ्या, टाचा. नवरा ओरडून उडी मारायचा, तसा मोजाही आनंदाने उडी मारायचा. शेवटी ती त्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी त्याचे कान पाहिले, हिरड्या पाहिल्या, जंताचं औषध दिलं. एक लस टोचली आणि रेबीजची वय भरल्यावर द्यायची म्हणून सांगितलं. चावण्याबद्दल त्या म्हणाल्या, की हिरड्या शिवशिवतात म्हणून तो चावतो, आणि तुम्ही ओरडलात, हात झटकलात, की त्याला तो खेळ वाटतो. चावला की झाडासारखं उभं राहायचं. हात सैल, तोंड दुसरीकडे, आवाज नाही. चावलं की गंमत संपते, एवढं त्याला कळलं पाहिजे. आणि लहान मुलीला त्याच्याबरोबर एकटं सोडायचं नाही. मोठं माणूस जवळ हवं.

हे सांगत असतानाच मोजाने तिचं मनगट धरलं. तिने हात सैल सोडला आणि भिंतीवरच्या मांजरीच्या चित्राकडे बघत राहिली. मोजाने थोडा वेळ वाट पाहिली आणि मनगट सोडून दिलं.

"तुम्हाला शिकवायची गरजच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लोकांना हे महिनोन्‌महिने जमत नाही."

लेक शेजारी उभी होती. तिने आईकडे बघितलं, आणि मग आईच्या मनगटावरच्या लाल खुणेकडे.

घरी ही विद्या लेकीला शिकवायची जबाबदारी आप्पांनी आपण होऊन घेतली. झाड-बिड काही नाही म्हणाले, याला आमच्याकडे साधा शब्द आहे. त्यांनी भिंगरीला सतरंजीवर उभी केली. टाचा जुळलेल्या, हात मांड्यांना चिकटलेले, नजर समोर. सावधान. सावधानमध्ये नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही. बोलायचं तर नाहीच नाही. आणि सुटका कधी, तर आप्पा विश्राम म्हणतील तेव्हा. मोजा फ्रॉकला लोंबकळायचा, भिंगरी ताठ उभी, आप्पा हातावरच्या घड्याळात बघत, आणि मग 'विश्राम' म्हटलं की भिंगरी गिरकी घेऊन सोफ्यावर. नवऱ्याने फोनवर त्याची फिल्म काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवली. तिनेही पाहिली. पोर फार गोड दिसत होती हे तिला समजलं. जाणवलं असं म्हणता आलं नसतं.

ती घरूनच शालेय पुस्तकांची प्रुफं तपासायची. जेवणाच्या टेबलावर कागद पसरून, भिंतीकडे तोंड करून, कारण खिडकीकडे तोंड केलं की ऱ्हस्व-दीर्घ सुटायचे. मागे सतरंजीवर भिंगरी आणि मोजा. मोठं माणूस जवळ हवं म्हणजे जवळ होतंच की, चार पावलांवर. डोळे कागदात, पण कान उघडे. तिने स्वतःशी नियम केला होता, आवाज आला की उठायचं. पूर्वी लेक गप्प झाली की ती हातातलं टाकून धावत सुटायची. गप्प पोर म्हणजे तोंडात काहीतरी घातलंय, एवढं कुठल्याही आईला कळतं. पण मोजा आल्यापासून घरात इतकी धडपड, इतकं भुंकणं आणि इतकी 'सोड-सोड' सुरू झाली होती, की शांतता झाली म्हणजे दोघं दमली, असा तिने अर्थ लावून टाकला होता.

त्या आठवड्यात भिंगरीने मोजे काढायला नकार दिला. निळे, टाचेवर ससा विणलेले. शाळेतून आल्यावर तेच, झोपतानाही तेच. आप्पा म्हणाले, कुत्र्याचं नाव मोजा आणि पोरीला मोज्याचं वेड, घरात दोन-दोन झाले. तिने दोनदा आंघोळीला बोलावलं, लेक दोनदा बाथरूममधून एकटीच न्हाऊन आली, आता मी मोठी झाले म्हणून. तिने तेही मान्य केलं.

मग एका दुपारी प्रुफातलं पान उलटताना तिने सहज मागे पाहिलं. मोजा भिंगरीची डावी टाच चाटत होता. मन लावून, तोंडातून आवाजही न काढता. भिंगरी खुर्चीला धरून उभी होती आणि एरवी गोल फिरणारा पाय आज फिरत नव्हता.

ती उठली. मोजाला उचलून स्वयंपाकघरात घातलं, दार लावलं. लेकीला टेबलावर बसवलं आणि डाव्या पायातला निळा मोजा खाली ओढला. तो घोट्यापर्यंत आला आणि टाचेला अडकला. सशाच्या जागी विणीला काळपट, कडक चट्टा पडला होता. तिने कोमट पाणी आणलं, टाच भिजवली आणि विणीचा धागा न्‌ धागा सोडवत मोजा उतरवला. आत दोन भोकं होती. एक मिटत आलेलं, एक सुजलेलं, कडेने पिवळं.

आता काळजात धस्स व्हायला हवं होतं. ती क्षणभर त्याची वाट पाहत थांबली. काही झालं नाही.

"हे कधी झालं?"

"तू काम करत होतीस ना, तेव्हा."

"आज?"

"नाही. बाबा आंबट बिस्किटं घेऊन आले होते, त्या दिवशी."

म्हणजे परवा नाही, त्याच्याही आदल्या दिवशी. ती याच खुर्चीत होती. इयत्ता तिसरीचा भूगोल.

"ओरडली का नाहीस?"

"सावधानमध्ये बोलायचं नसतं."

"मग नंतर सांगायचं."

भिंगरीने आईचा हात धरला आणि उलटा केला. मनगटावर जुन्या-नव्या खुणा होत्या. काही पुसट, काहींवर खपली.

"तुला पण चावतो," ती म्हणाली. "तू कुठे सांगतेस?"

ती लेकीला कडेवर घेऊन बाथरूममध्ये गेली, नळ सोडला आणि जखम साबणाने धुऊ लागली. खूप वेळ धुतली. साबण झोंबत असणारच. लेकीने दात ओठावर रोवले आणि समोरच्या टाइलकडे बघत राहिली. आईच्या डोक्यात सगळं रांगेने येत होतं. भटकी कुत्री, परत न आलेली. रेबीजची बाकी राहिलेली लस. मधे गेलेले दिवस. प्रुफात चुका दिसाव्यात तसं एकेक स्पष्ट दिसत होतं, आणि हात तेवढेच स्थिर होते.

आप्पा बाहेर पेपर वाचत होते. तिने टाच दाखवली आणि काय झालं ते दोन वाक्यांत सांगितलं. आप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग चपला घालायला गेले आणि दोन्ही पायांत डाव्या चपला घालून आले. तिने एक बदलायला लावली.

दवाखान्यात डॉक्टरांनी जखम पाहिली आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. पिल्लू कुठलं, लस झाली का, खातंय-पितंय का, वागण्यात काही फरक? त्यांनी सांगितलं, की उशीर झाला असला तरी इंजेक्शनं आजपासूनच सुरू करायची. काही पायात जखमेजवळ, काही दंडात, आणि पुढे पुन्हा यावं लागेल, एकही चुकवायचं नाही. पिल्लावर रोज लक्ष ठेवायचं. ते धडधाकट राहिलं तर बहुतेक घाबरायचं कारण नाही. त्यांनी 'बहुतेक' हा शब्द कागदावर लिहिल्यासारखा उच्चारला.

आप्पा दाराबाहेर बाकावर थांबले. त्यांना सुई बघवत नाही हे त्या दिवशी घरात प्रथमच कळलं. नर्सने सुई भरली. भिंगरी टेबलावरून खाली उतरली, आपण होऊन. टाचा जुळवल्या, हात मांड्यांना लावले, नजर समोर.

"बसून घे ना, बाळा."

बाळ बसलं नाही. दंडात सुई गेली. मग तसंच झोपवून, जखमेच्या कडेला, पुन्हा पुन्हा. टाचेवर मांस ते किती असतं. पोर लाकडासारखी पडून होती; गालांवरून पाणी कानात जात होतं पण घशातून काही निघत नव्हतं.

"अगं बाई, किती शहाणी," नर्स म्हणाली. "मोठी माणसं इथे दवाखाना डोक्यावर घेतात. हूं नाही की चूं नाही."

"तिला शहाणी म्हणू नका," ती म्हणाली.

नर्सने वर पाहिलं. ती लेकीवर वाकली आणि हळूच म्हणाली, "विश्राम."

भिंगरीने डोळे फिरवून आईकडे पाहिलं आणि मान हलवली. "ते आप्पा म्हणतात."

तेव्हा ती दारात गेली आणि आप्पांना आत बोलावलं. काय म्हणायचं तेही सांगितलं. आप्पा पडद्याच्या कडेला उभे राहिले, सुईकडे न बघता.  शेवटी ज्या आवाजात ते म्हणाले तो मैदानाच्या या टोकालासुद्धा ऐकू गेला नसता.

"विश्राम, बेटा. विश्राम."

आणि पोर रडली. आधी बारीक, मग मोठ्याने, मग असा टाहो फोडला की बाहेरच्या रांगेतलं कुणाचंतरी तान्हं जागं होऊन तेही रडायला लागलं. ती लेकीचे खांदे धरून उभी होती. आवाज तिच्या कानात शिरत होता. आवाज आला की उठायचं, हा नियम तिला आठवला. पण ती उभीच होती, आणखी कुठे उठणार?

संध्याकाळी नवरा आला, त्याने ऐकलं आणि पहिलं वाक्य म्हणाला ते हे, की उद्याच्या उद्या याला परत सोडून येतो. भिंगरी लगेच ताठ झाली. हे तिने पाहिलं आणि नवऱ्याला स्वयंपाकघरात नेलं. तिथे तिने त्याला सांगितलं, की आधी डॉक्टरांचा शब्द पाळायचा तर पिल्लू डोळ्यांसमोरच राहिलं पाहिजे. आणि दुसरं, आज ते गेलं तर पुढे ही पोर काहीही झालं तरी सांगणार नाही. तो म्हणाला, तू एवढी शांत कशी राहू शकतेस? या वेळी ते कौतुक नव्हतं. ती म्हणाली, "मला माहीत नाही."

तिने डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ते मोठ्या माणसांसाठी होतं हो. लहान मुलाने जागेवर थांबायचं, पळायचं नाही, पण हाक मारायची. मोठ्याने. हे मी सांगायला हवं होतं. ती म्हणाली, मलाही कळायला हवं होतं.

मग मोजा आणि भिंगरी यांच्यामध्ये स्वयंपाकघराच्या दारात आडवी फळी आली, आणि टेबलाची खुर्ची फिरली. आता तिचं तोंड सतरंजीकडे असतं, ऱ्हस्व-दीर्घ सुटले तर सुटले. सकाळी उठल्यावर ती आधी मोजाची वाटी बघते, मग त्याचे डोळे. खातो, पाणी पितो, चावतो. अजून तरी धडधाकट आहे.

आप्पांनी नवी कवायत बसवली. जागेवर थांब, आणि ओरड. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतः ओरडून दाखवलं तर वरच्या मजल्यावरचे काका जिना उतरून विचारायला आले. नवऱ्याचं ओरडणं भिंगरीला खोटं वाटलं, तिने त्याला परत करायला लावलं. मग सगळे भिंगरीच्या आईकडे बघायला लागले.

मोजा फळीपलीकडून तिच्या बोटांशी खेळत होता, आणि बघता बघता त्याने करंगळी दातांत धरली. नेहमीपेक्षा जोरात. तिचा हात आपोआप सैल पडला, मान भिंतीकडे वळायला लागली. समोर भिंगरी उभी होती, बँडेजचा पाय जरा वर उचलून. ती बघत होती.

आईने तोंड उघडलं. त्यातून काही निघालं नाही.  करंगळी दुखत होती, आणि दुखतेय हे तिला लांबून, पण कळत होतं.

"दुखलं," ती म्हणाली.

मोजाने करंगळी सोडली. भिंगरीने आप्पांकडे पाहिलं, मग परत आईकडे.

"हळू म्हणालीस."

"हो."

"परत म्हण."

"दुखलं," ती परत म्हणाली.

भिंगरीने मान एकीकडे कलती करून ते ऐकलं. मग ती फळीजवळ खाली बसली, आईची करंगळी आपल्या मुठीत घेतली आणि तिच्यावर फुंकर घालू लागली.